चूक क्लबची, नाव मुलाचं

२०२३ च्या जूनमध्ये पर्थहून माझ्या मावसभावाचा फोन आला, तेव्हा त्याचा आवाज ऐकून मावशीला वाटलं, काहीतरी वाईट घडलंय. घडलं होतं एवढंच की त्याची टीम, वेस्ट कोस्ट ईगल्स, सिडनीत जाऊन १७१ गुणांनी हरली होती. २०५ विरुद्ध ३४. त्या वर्षी ईगल्स २३ पैकी २० सामने हरले. पण ऑगस्ट उजाडला तसा हा माणूस खुशीत यायला लागला.

"शेवटचे आलो की! म्हणजे पहिला नंबर आपला," तो म्हणाला.

शेवटून आल्यावर पहिला नंबर कसला, हे विचारायची चूक मी केली आणि तेव्हापासून या ड्राफ्टच्या भानगडीत अडकले ती अडकलेच. (ड्राफ्ट म्हटलं की आमच्या पप्पांना अजून बँकेतला डीडीच आठवतो.) आता या विषयावर माझं एक मत झालंय, आणि ते माझ्याही विरुद्ध जातं.

आधी खेळाबद्दल थोडं. हा आपल्या कॅम्पातल्या मैदानावरचा फुटबॉल नव्हे. ऑस्ट्रेलियन रूल्स, लोक लाडानं 'फूटी' म्हणतात. लंबगोल चेंडू, क्रिकेटचं असतं तसं अंडाकृती मैदान, एका बाजूला अठरा खेळाडू, चेंडू हातातही घ्यायचा आणि पायानंही मारायचा. टोकाला चार खांब. मधल्या दोन खांबांतून मारला तर सहा गुण, बाजूच्या फटीतून गेला तर एक. मेलबर्नचं जे एमसीजी आपण क्रिकेटसाठी ओळखतो, ते तिथल्या माणसाला आधी फूटीचं मैदान वाटतं.

वरच्या पातळीवर अठरा क्लब आहेत. तिथे श्रीमंत क्लबाला वाटलं म्हणून सगळे चांगले खेळाडू विकत घेता येत नाहीत, कारण पगाराच्या एकूण खर्चावर मर्यादा आहे. आणि नवी पोरं येतात ती ड्राफ्टमधून. १९८६ पासून ही पद्धत आहे. जो क्लब तळाला, तो सगळ्यात आधी निवडणार, विजेता सगळ्यात शेवटी. त्या वर्षात अठरा पूर्ण करणारी पोरं नाव नोंदवतात आणि नोव्हेंबरमध्ये एकेक क्लब एकेक नाव पुकारत जातो. पुकारलं ते घर. मुलगा कुठल्या शहरात जाणार हे मुलगा ठरवत नाही. आयपीएलच्या लिलावात निदान बोली चढते आणि तो पैसा खेळाडूला मिळतो. इथे पैशाची बोलीच नाही.

हरणाऱ्याला आधी ताटावर बसवायचं, ही कल्पना मला मनापासून आवडते. पण त्यामुळे होतं काय, की तळाच्या क्लबाच्या चाहत्यांचा खरा हंगाम टीम हरून संपल्यावर सुरू होतो. जो तो आपापली यादी करतो, पहिला हा, दुसरा तो. त्याला 'फॅन्टम ड्राफ्ट' म्हणतात, म्हणजे भुताटकीचा ड्राफ्ट म्हणा हवं तर. आणि ही नुसती टवाळी नसते, हे मला कबूल करायला हवं. माझा मावसभाऊ रात्रपाळी करून सकाळी अठरा वर्षांखालच्या पोरांचे सामने बघायला जातो. कोण वीस मीटर किती सेकंदांत पळतो, कोण किती उंच उडी मारतो, दोन किलोमीटरला कुणाचा दम पुरतो, सगळं त्याला पाठ. टीमची गरज बघून निवडायचं, की गरज काही असो, सगळ्यात गुणी पोरगा उचलायचा, यावर तो आणि त्याचे मित्र जेवण थंड होईपर्यंत भांडतात. आमच्या मंडळात कादंबरीवर कुणी इतकं भांडलेलं मी पाहिलं नाही.

२०२३ चा वाद एका नावाभोवती होता, हार्ली रीड. व्हिक्टोरियातल्या टोंगाला नावाच्या छोट्या गावचा पोरगा. सगळे म्हणत होते, हाच यंदाचा पहिला. पण पर्थ आणि मेलबर्न यांच्यात सुमारे २७०० किलोमीटरचं अंतर आहे. मावसभावाच्या मित्रांतला एक गट म्हणायचा, हा दोन वर्षांत घरी पळणार, त्यापेक्षा पहिला नंबर दुसऱ्या क्लबाला देऊन खालचे दोन-तीन नंबर घ्या आणि आपल्या मातीतला डॅनियल कर्टिन उचला. दुसरा गट म्हणायचा, सोन्यासारखा पोरगा समोर असताना नकाशा कसला बघता? मावसभाऊ दुसऱ्या गटात. मी पहिल्या. होय, मी. बेळगावात बसून, आयुष्यात एकही सामना मैदानावर न बघता, माझंही मत होतं.

आणि त्याच भरात मी एक वाक्य बोलून गेले, ज्यासाठी हा लेख लिहितेय. यादीतल्या एका मुलाची दोन मिनिटांची क्लिप मावसभावानं पाठवली होती. मी बघितली आणि म्हणाले, "हा मऊ आहे. मोठ्या पोरांत टिकणार नाही." तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "त्याला मी परवा बघितलं. सामना हरल्यावर आईच्या गाडीच्या डिकीत बसून बूट काढत होता. पाय सोललेले. आई काहीतरी बोलत होती, हा मान डोलवत होता. सतरा वर्षांचा आहे गं."

माझा धाकटा भाऊ आता सतरा वर्षांचा आहे. सेकंड पीयूसीला. रविवारच्या मिसेला कुठला शर्ट घालायचा, हे अजून त्याचं त्याला ठरवता येत नाही. त्याच्या दोन मिनिटांवरून कुणी परक्या देशातून असं काही बोललं असतं, तर मी काय केलं असतं?

बरं, माझ्यासारखे अडाणी जाऊ द्या. ज्यांचा हा धंदा आहे, जे वर्षभर गावोगाव फिरून पोरं बघतात, त्यांना तरी कुठे कळतं? एसेंडनचा जेम्स हर्ड १९९० च्या ड्राफ्टमध्ये ७९ वा निवडला गेला. त्याच्या आधी ७८ नावं पुकारली गेली! १९९६ मध्ये तो मायकल व्हॉससोबत ब्राउनलो पदकाचा, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूच्या मानाचा, मानकरी झाला. मला इथे हटकून शमुवेल संदेष्टा आठवतो. इशायाच्या घरी एकेक उंचापुरा मुलगा समोरून जातोय, आणि ज्याला शोधायचंय तो धाकटा रानात मेंढरं राखतोय, त्याला बोलवायचं बापालाही सुचलेलं नाही.

उलटंही होतं. २००९ मध्ये मेलबर्न क्लबाकडे पहिले दोन्ही नंबर होते. त्यांनी टॉम स्कली आणि जॅक ट्रेंगोव्ह हे दोघं घेतले. स्कली दोन वर्षांत नव्या क्लबाकडे गेला. ट्रेंगोव्ह विशीत कप्तान झाला आणि मग पायाच्या दुखापतीनं त्याला बसवलं. तिसरा नंबर रिचमंडचा होता. त्यांनी घेतलेला डस्टिन मार्टिन पुढे तीन अंतिम सामन्यांत सर्वोत्तम खेळाडू ठरला. ट्रेंगोव्हच्या पायात पुढे काय होणार, हे २००९ मध्ये कुठल्या यादीत लिहिलेलं होतं?

म्हणजे चुका होणारच. माझी तक्रार चुकांबद्दल नाहीच. चूक झाल्यावर तिला नाव कुणाचं दिलं जातं, याबद्दल आहे.

त्याच रिचमंडचं आधीचं उदाहरण घ्या. २००४ मध्ये ते तळाला होते. चौथ्या नंबरला त्यांनी रिचर्ड टँबलिंगला घेतलं. पाचव्या नंबरला हॉथॉर्ननं लान्स फ्रँकलिनला घेतलं. फ्रँकलिन हजारावर गोल मारून गेला. २०२२ मध्ये त्याचा हजारावा गोल झाला तेव्हा सिडनीच्या मैदानात हजारो माणसं कुंपण ओलांडून धावत सुटली. आणि टँबलिंग? तो रिचमंडसाठी शंभराहून जास्त सामने खेळला. कुठल्याही गावात ही अभिमानानं सांगायची गोष्ट आहे. पण त्याचं नाव आजही निघतं ते एकाच वाक्यात: "फ्रँकलिनच्या आधी ज्याला घेतलं, तो."

टँबलिंगनं काय केलं होतं? नाव पुकारलं, तो उठला आणि गेला. फ्रँकलिनला सोडायचं, हे त्यानं ठरवलं नव्हतं. ज्यांनी ठरवलं त्यांची नावं किती चाहत्यांना ठाऊक असतील? चूक क्लबची, पण ती वाहायची टँबलिंगनं, तीही रोज मैदानात, हजारो लोकांसमोर.

जॅक वॉट्सचंही तेच. २००८ चा पहिला नंबर, मेलबर्नचा. २००९ च्या जूनमध्ये त्याला पहिल्यांदा उतरवलं तेव्हा तो बारावीच्या वर्गात शिकत होता. एमसीजीवर साठ हजार प्रेक्षक. चेंडू हातात येतो न येतो तोच कॉलिंगवूडच्या तिघांनी त्याला जमिनीवर आपटलं. त्याला त्या दिवशी कुणी उतरवलं, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. पण पुढची कितीतरी वर्षं लोक विचारत राहिले ते, हा पहिल्या नंबराच्या लायकीचा होता का, एवढंच.

आणि घरी जावंसं वाटलं तर? जेसन हॉर्न-फ्रान्सिस दक्षिण ऑस्ट्रेलियाचा. २०२१ मध्ये नॉर्थ मेलबर्ननं त्याला पहिल्या नंबरला नेलं. एक हंगाम खेळून तो आपल्या राज्यातल्या पोर्ट ॲडलेडकडे गेला. नॉर्थचे चाहते त्याच्यावर ओरडले. मला त्यांचा राग समजतो. तळाला राहून, वर्षभर हार खाऊन मिळालेला एक मोहरा हातचा गेला. पण ज्यानं तुम्हाला कधी निवडलंच नव्हतं, त्यानं तुमच्याशी बेइमानी केली, असं कसं म्हणता येईल?

मावसभावाचं यावर उत्तर तयार असतं. "त्यांना पगार मिळतो की. आम्ही वर्गणी भरतो, पावसात बसतो, हरल्यावर सोमवारी ऑफिसात टोमणे खातो. बोलायचं पण नाही?" बोलायचं ना. भरपूर बोलायचं. वर्गणी भरणाऱ्यानं क्लबाला जाब विचारलाच पाहिजे. हा का घेतला, तो का सोडला, घेतल्यावर त्याला शिकवलं कुणी, दुखापतीत घाई कुणी केली? हे प्रश्न मोठ्या माणसांना विचारायचे आहेत, ज्यांच्याकडे खुर्ची आहे आणि उत्तर द्यायला तोंड आहे. सतरा वर्षांच्या मुलाचा वेग मोजा, किकची लांबी मोजा, डावा पाय कच्चा आहे म्हणा. त्यात मला काही वाईट दिसत नाही. पण 'मऊ आहे', 'डोक्यानं कमजोर आहे', 'घरच्यांना सोडणार नाही' हे कुठल्या मोजपट्टीवर आलं? यातला पहिला शब्द माझाच आहे, म्हणून विचारतेय.

रीडला ईगल्सनी घेतलं. कर्टिन आठव्या नंबरला ॲडलेडला गेला, म्हणजे ज्याला घरचा म्हणून ठेवा म्हणत होतो, तोच घर सोडून गेला. रीडला पर्थनं पहिल्याच वर्षी डोक्यावर घेतलं आणि त्याच वर्षी 'हा परत कधी जाणार' हेही सुरू झालं.

२०२५ मध्ये ईगल्स २३ पैकी एकच सामना जिंकले. परत तळाला. मावसभाऊ परत खुशीत. गेल्या आठवड्यात त्यानं चार मुलांच्या चार क्लिपा पाठवल्या आणि खाली लिहिलं, "तुझं मत कळव."

मी लिहिलं, पूर्ण सामना असेल तर पाठव.

"दोन तासांचा आहे की!"

असू दे, म्हटलं.