बियाण्याला जस्त चोळले, म्हणजे उगवण वाढली?

खरिपाची पेरणी जवळ आली, की कृषी सेवा केंद्रांत सूक्ष्म अन्नद्रव्यांच्या पुड्या पुढे येतात. तूर, मूग, उडदाच्या बियाण्याला चोळा, उगवण वाढेल, असे सांगितले जाते. हे अर्धेच खरे आहे.

कडधान्याचे बी कोंब काढते ते स्वतःच्या शिदोरीवर. ज्या दोन दळांची आपण डाळ करतो, त्यांतच पहिल्या काही दिवसांची बेगमी असते. त्यामुळे सकस बी बहुधा जस्ताशिवायही उगवते आणि मेलेले बी कशानेही उगवत नाही. फरक दिसतो तो नंतर. जमिनीत जस्त कमी असेल, तर प्रक्रिया केलेल्या रोपाचे मूळ लांब जाते, वाढ जोमदार होते. पेरणीनंतर पावसाने ओढ दिली, की असे रोप तग धरण्याची शक्यता अधिक.

मॉलिब्डेनमचे काम वेगळे. मुळांवरच्या गाठींतील रायझोबियम जिवाणू हवेतला नत्र ज्या विकराच्या जोरावर बांधतात, त्याचा हा घटक. हरभऱ्याला किलोभर बियाण्यामागे १ ग्रॅम अमोनियम मॉलिब्डेट पुरते. त्याची उणीव भासते ती कोकणातल्या आम्लधर्मी जांभ्या जमिनीत. विदर्भ-मराठवाड्याच्या चुनखडीयुक्त काळ्या रानात मॉलिब्डेनम पिकाला सहज मिळते. तिथे अडते ते जस्त आणि लोहापाशी. मग एकच मिश्रण रत्नागिरीपासून यवतमाळपर्यंत का खपवायचे?

'थोडे जास्त टाकले तर काय बिघडते' हा हिशेब इथे महागात पडतो. बोरॉन पुरेसे आणि बोरॉन विषारी, यांत अंतर फार थोडे. मात्रा चुकली तर उगवणच घटते. जस्ताच्या क्षारांचा तीव्र संपर्क रायझोबियमलाही मारक ठरतो. म्हणून रासायनिक प्रक्रिया आधी, बी सावलीत सुकवून जिवाणू संवर्धक सर्वांत शेवटी. सोयाबीनचे टरफल नाजूक. ते भिजवण्याच्या फंदात पडूच नये.

पुडीवर घटकांचे प्रमाण, किलोमागे मात्रा आणि कोणत्या जमिनीसाठी, हे ठळक मराठीत छापणे सक्तीचे करायला हवे. उगवणीची खात्री मात्र पुडीकडे मागू नये. ओल्या गोणपाटात १०० दाणे गुंडाळून ठेवावेत. प्रमाणित बियाण्याचा किमान निकष तूर, मुगाला ७५, सोयाबीनला ७० टक्के आहे. कोंब त्याहून कमी निघाले, तर पुडी नव्हे, बियाणे बदलावे.