कागदी विश्वाची टिंगल

नारायणगावाजवळच्या खोडदला ४५ मीटर व्यासाच्या रेडिओ दुर्बिणी उभ्या आहेत. सगळ्या मिळून ३०. त्यांच्यापायी जुन्नर-आंबेगाव भागात काही उद्योगांना मज्जाव आहे, पुणे-नाशिक रेल्वेचा आखलेला मार्गही अडला. तिथल्या माणसाने ‘आम्हाला याचा उपयोग काय?’ असे विचारले, तर तो त्याचा हक्कच आहे. माझे भांडण त्याच्याशी नाही. ते आहे शहरातल्या अर्धवट शहाण्यांशी. ‘दुर्बीण निदान खरे आकाश पाहते. पण ज्या जगाला उंचीच नाही, तिथले गुरुत्वाकर्षण मोजत बसणाऱ्यांना पगार कशाला?’ असे हे लोक ऐटीत विचारतात.

वाचकहो, आकाशकंदिलाच्या उरलेल्या कागदाची एक चकती घ्या. केंद्रापर्यंत पाचर कापून काढा आणि कडा जुळवून चिकटवा. शंकू होतो. टोक सोडले तर कागद कुठेच ताणलेला नाही की चुरगळलेला नाही. आइनस्टाइनचे समीकरण नुसत्या लांबी-रुंदीच्या अवकाशात चालवले की नेमके हेच घडते. वस्तू असेल तिथे टोक, बाकी सर्वत्र सपाट! डेझर, जॅकिव आणि ट हूफ्ट या तिघांनी १९८४ साली हे तपशिलाने मांडले. त्या जगात शेजारी ठेवलेले दोन दगड एकमेकांना ओढत नाहीत आणि गुरुत्वीय लहरी तर नाहीतच. लहरीला तिच्या वाटेशी आडव्या दोन दिशा लागतात, एक ताणायला नि दुसरी आवळायला. तिथे आडवी दिशा एकच.

आता खोडदकडे वळा. तिथल्या निरीक्षणांच्या साहाय्याने भारतीय व युरोपीय संशोधकांनी जून २०२३ मध्ये स्पंदक ताऱ्यांच्या ठोक्यांतून अतिमंद गुरुत्वीय लहरींचा पुरावा पुढे ठेवला. एकेक आंदोलन पुरे व्हायला वर्षे लागतात अशा या लहरी! त्या आपल्या वाट्याला का आल्या, हे एक मिती काढून पाहिल्यावाचून कसे उमगणार? मिठाची किंमत अळणी आमटीच सांगते.

टिंगलखोरांनी आणखी ऐकावे. या सपाट जगात गुरुत्वाकर्षण व पुंजवाद यांचा मेळ गणिताने बसतो, हे १९८८ साली विटन यांनी दाखवले. आपल्या जगात तो अजून कुणालाच बसवता आलेला नाही. आणि १९९२ साली, रिकाम्या अवकाशालाच ऋण वक्रता दिल्यावर, तिथे चक्क कृष्णविवर सापडले!

या कामाला ना जमीन लागते, ना त्यापायी कुणाची रेल्वे अडते. विज्ञान दिनाच्या सुमारास खोडदला शाळकरी पोरे जमतात. त्यांतल्या एखाद्याने ‘अवकाशाला तीनच मिती का?’ असे विचारले, तर दुर्बीण गप्प राहील. त्या पोराशी बोलायला जो माणूस हवा, त्याचाच पगार कापायला हे शहाणे निघाले आहेत.