राखणदार नसलेली चावडी

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे आठवडे बाजाराच्या दिवशी आलेल्या पाच जणांना मुले पळविणारी टोळी समजून जमावाने ग्रामपंचायतीच्या कार्यालयात ठेचून मारले. पाचही जण नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे. ज्या ब्रह्मगिरीवर गहिनीनाथांनी निवृत्तीनाथांना अनुग्रह दिल्याचे परंपरा सांगते, तो येथून फार दूर नाही. नाथांच्या नावाने झोळी पुढे करणाऱ्याला पसाभर धान्य घालणे, हा तर महाराष्ट्राच्या घराघरांतील रिवाज! त्याच रात्री नाशिक जिल्ह्यातील मालेगावात दोन वर्षांच्या बालकासह एक कुटुंब अशाच जमावाच्या तावडीत सापडले. पोलिसांनी जमावाचा रोष अंगावर घेतला, म्हणूनच ते वाचले.

हा संशय आकाशातून पडला नव्हता. कित्येक आठवडे व्हॉट्सअॅपवर ‘टोळी आली आहे’ असे संदेश फिरत होते. देशभर पसरलेली एक चित्रफीत तर कराचीतील बालसुरक्षेच्या प्रबोधनासाठी तयार केलेली होती. मूल परत आणून सोडल्याचा तिचा शेवट कोणीतरी कापला आणि प्रबोधनाचे विष झाले. प्रत्येक समूहाला चालक होता. मात्र ‘हे कुठून आले?’ एवढे विचारणारा कोणी नव्हता.

कंपनीने आवर घालावा, असे म्हणणे सोपे आहे. परंतु व्हॉट्सअॅपचे संदेश कूटबद्ध असतात. कंपनीला ते वाचता येत नाहीत. जुलै २०१८ मध्ये तिने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठविण्याची मर्यादा घातली. तिने वेग मंदावला, खोटे मात्र खोटेच राहिले. सरकारी दंडुक्याचाही अनुभव फारसा बरा नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ अ सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये रद्द केले, ते उगाच नव्हे. उरतो तो समूहचालक. सदस्याच्या आक्षेपार्ह मजकुरासाठी केवळ चालक म्हणून त्याला गुन्हेगार धरता येणार नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटले. ते योग्यच, पण गुन्हा नाही म्हणजे कर्तव्यही नाही, असा सोयीचा अर्थ अनेकांनी काढला. २०२२ पासून इतरांचा संदेश सर्वांसाठी पुसण्याचा अधिकार चालकाच्या हाती आहे. तो वापरताना ‘काका रागावतील’ ही भीड आड येते! गोदाकाठच्या व्याख्यानमालेत वक्त्याचा तोल गेला, तर अध्यक्ष चिठ्ठी पाठवतो; त्याला कोणी मुस्कटदाबी म्हणत नाही.

मतभेद पुसावेत, असा याचा अर्थ नव्हे. टीका राहू द्यावी. ज्याचा उगम सांगता येत नाही आणि ज्याने एखाद्याच्या जिवावर बेतू शकते, ते थांबवावे. आपल्या बाजूचे खोटेही त्यातच आले. तेथेच चालकाची खरी कसोटी लागते.

२०२६-२७च्या सिंहस्थात नाशिक-त्र्यंबकेश्वरी लाखो अनोळखी माणसे येणार. त्यांत झोळीवालेही असतील. गल्लीतल्या, सोसायटीतल्या आणि मंडळांच्या प्रत्येक समूहाने निदान दोन जागरूक चालक आताच नेमावेत, आणि ‘टोळी’चा पहिला संदेश येताच तो पुढे न ढकलता जवळच्या पोलीस ठाण्यात फोन करून खात्री करण्याचे काम नावानिशी त्यांच्याकडे सोपवावे.