साठवलेली प्रत आणि उगवणारी प्रत

जालना हा बियाण्यांच्या उद्योगाने नावारूपास आलेला जिल्हा. पेरणीपूर्वी सोयाबीनचे १०० दाणे ओल्या गोणपाटात ठेवून उगवण तपासावी, हे येथील शेतकऱ्यास नवे नाही. संगणकातील दप्तराच्या राखीव प्रतीबाबत हीच दक्षता आपल्या किती कचेऱ्या आणि महाविद्यालये घेतात?

मार्च २०२१ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या सर्व्हरवर खंडणीखोर हल्ला होऊन मुख्यालयासह १६ प्रादेशिक कार्यालयांचे काम खोळंबले. काही राखीव प्रती निराळ्या जाळ्यात असल्याने बचावल्याचे महामंडळाने तेव्हा कळविले. परंतु प्रत बचावणे आणि तिच्यातून काम पुन्हा उभे राहणे या दोन भिन्न गोष्टी होत. जुना सर्व्हर निकामी झाल्यावर तसाच दुसरा मिळेलच असे नाही. नव्या यंत्राचा डिस्क नियंत्रक वेगळा, सुरू होण्याची पद्धत वेगळी. योग्य ड्रायव्हरअभावी संपूर्ण यंत्रणेची प्रत चढवूनही ते सुरू होत नाही. कधी सांकेतिक शब्द ठाऊक असलेला कर्मचारीच बदलून गेलेला असतो.

म्हणून प्रत्येक संस्थेने वर्षातून निदान दोनदा, मुख्य जाळ्यापासून अलग अशा निराळ्या बनावटीच्या यंत्रावर प्रत उतरवावी. एखादा निकाल, एखादे वेतनपत्रक मूळ नोंदीशी ताडून पाहावे आणि लागलेले तास लिहून ठेवावेत. खर्च म्हणाल तर एक जादा संगणक आणि एक दिवस. तो वाचविणाऱ्या संस्थेचे नुकसान मात्र उद्या गुणपत्रिकेसाठी खिडकीशी ताटकळणारा विद्यार्थी सोसणार आहे. न तपासलेले बियाणे पेरणे शेतकऱ्यास परवडत नाही. आपणासही परवडू नये.