पाली अभिजात झाली; लेणी सांभाळणारे हात कुठे घडणार?

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीबरोबर पालीलाही अभिजात भाषेचा दर्जा दिला. आम्हालाही आनंद झाला. पण कुर्ल्यातल्या बारावी झालेल्या आपल्या मुलामुलींच्या हाती यातून काय येणार?

जवळ काहीच नाही असे नाही. कुर्ला पश्चिमेला लागून कालिना आहे, तिथे मुंबई विद्यापीठाचा पाली विभाग आहे. पुढच्याच स्टेशनवर, विद्याविहारला, सोमय्यांचे बौद्ध अध्ययन केंद्र आहे. मात्र तिथे भर ग्रंथांवर आणि तत्त्वज्ञानावर. जतनाचे शिक्षण घ्यायचे तर फोर्टच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात पदविका आहे, तीही पदवीधरांसाठी. बाकीची मुले आयटीआयला जातात आणि फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन होतात.

आता कान्हेरी पाहा. शंभराहून अधिक लेणी, आणि जवळपास प्रत्येकीला पावसाचे पाणी साठवणारे टाके. शिलालेखांत त्याला 'पोढी' म्हटले आहे. हे दान देणाऱ्यांत कल्याणचे व्यापारी आहेत, तसे सोनार आणि लोहारही आहेत. कारागिरांच्या कमाईतून हा वारसा उभा राहिला, आणि आज कारागिराच्याच पोराला त्यात काम नाही. 'लेणी आमची' अशा पोस्ट आपण रोज टाकतो. शिलालेखाचा ठसा कागदावर घेता येणारे आपल्यात किती?

कान्हेरी, अंधेरीची महाकाली, बोरिवलीची मागाठाणे, तिन्ही उपनगरातच. झिरपणारे पाणी, फटीत शिरलेली मुळे, टाक्यातला गाळ, पर्यटकाला चुकीची माहिती सांगणारा गाईड, ही सगळी शिकून करायची कामे आहेत. चौकटही तयार आहे. यूजीसीच्या बी.व्होक. योजनेत एका वर्षाला पदविका, दोन वर्षांना प्रगत पदविका आणि तीन वर्षांना पदवी मिळते. कालिन्यातले पाली शिक्षक, आयटीआयची कार्यशाळा आणि लेण्यांवरचे प्रत्यक्ष काम एकत्र आणून कुर्ल्यात वारसा जतनाचे व्यवसाय महाविद्यालय काढावे, अशी आमची मागणी आहे.

नोकऱ्यांचे काय, हा पालकांचा प्रश्न रास्त आहे. कायम पदे थोडीच आहेत, हे लपवण्यात अर्थ नाही. २०२२ च्या बुद्धपौर्णिमेला कान्हेरीत पर्यटक सुविधांचे उद्घाटन झाले, त्यात इंडियन ऑइल फाउंडेशनचा पैसा होता. म्हणजे लेण्यांवर पैसा येतो. तो ठेकेदारामार्फत खर्च होणार असेल, तर निविदेतच प्रशिक्षित स्थानिक कामगारांची अट हवी. ती नसेल तर महाविद्यालयाचे प्रमाणपत्र घरात फ्रेम करून लावण्यापुरतेच उरेल. त्यामुळे आमदार-खासदारांकडे निवेदन घेऊन जाताना महाविद्यालय आणि निविदेची अट, दोन्ही एकाच कागदावर मागायला हव्यात.