अंगावरचे पित्त आणि रक्तदाबाची गोळी

अंगावर पित्त उठले की घरोघरी पहिली आठवण आमसुलाची होते. दोन दिवसांत गांधी बसल्या की विषय संपतो. पण काहींचा तो संपत नाही. एक गांध चोवीस तासांच्या आत विरते, तोवर दुसरीकडे नवी उठते. हे सहा आठवडे किंवा त्याहून जास्त चालले, की त्याला ‘क्रॉनिक अर्टिकेरिया’ म्हणतात. नावात पित्त असले तरी हा पोटातल्या पित्ताचा आजार नाही. त्वचेतील मास्ट पेशी हिस्टामिन नावाचे रसायन सोडतात, त्यातून ही सूज आणि खाज येते.

यातल्या अनेक रुग्णांना रक्तदाबही असतो. मग साहजिक प्रश्न येतो, ‘डॉक्टर, बीपीमुळे पित्त उठतं का?’ केवळ रक्तदाब वाढल्याने गांधी उठतात, असे म्हणायला आधार नाही. मात्र दोन्ही आजार एकत्र आढळतात. इस्रायलमध्ये जुनाट पित्ताच्या ११,२६१ रुग्णांच्या अभ्यासात उच्च रक्तदाबाचे प्रमाण इतरांपेक्षा जास्त दिसले. रक्तदाब असलेल्यांत हे पित्त अधिक काळ रेंगाळते, असे इटलीतील एका अभ्यासात आढळले. तरीही सोबत असणे म्हणजे कारण असणे नव्हे. रुग्णाच्या दृष्टीने या दोन आजारांची खरी गाठ पडते ती औषधांच्या पिशवीत.

त्यातले पहिले औषध स्टिरॉइड. खाज असह्य झाली की रुग्ण ‘एक इंजेक्शन द्या’ म्हणतो आणि ते मिळतेही. तासाभरात आराम पडतो. पुढच्या वेळी तो थेट मेडिकलच्या दुकानात जाऊन छोटी पांढरी गोळी मागतो. चिठ्ठीशिवाय ती विकू नये असा नियम आहे, पण तो किती पाळला जातो हे सर्वांना ठाऊक आहे. स्टिरॉइडमुळे शरीरात मीठ-पाणी साठते, रक्तदाब आणि साखर वाढते. मग रक्तदाबाची गोळी वाढवली जाते, आणि तो का वाढला हे कोणी विचारत नाही. आणीबाणीत स्टिरॉइडचा थोड्या दिवसांचा वापर योग्य असतो. महिनोन्महिने मात्र नाही. अशा गोळ्या दीर्घकाळ चालू असतील, तर त्या स्वतःहून एकदम थांबवणेही धोक्याचे आहे.

दुसरी वेदनाशामके. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन यांसारख्या गोळ्या जुनाट पित्त भडकवू शकतात आणि रक्तदाबही वाढवतात. गुडघेदुखीसाठी रोज घेतलेली गोळी डॉक्टरांना सांगण्याजोगी कोणाला वाटत नाही. सर्दीच्या काही गोळ्यांत ॲलर्जीच्या औषधासोबत नाक मोकळे करणारे औषध असते, तेही रक्तदाब वाढवते.

तिसरी गोष्ट जिवाशी गाठ घालणारी. एनालाप्रिल, रॅमिप्रिल ही रक्तदाबाची चांगली औषधे आहेत. पण शंभरात एकाहूनही कमी जणांना त्यांच्यामुळे ओठ, जीभ किंवा घसा सुजतो. ही सूज गांधी आणि खाजेशिवाय येते, गोळी सुरू होऊन वर्ष उलटल्यावरही येऊ शकते, आणि नेहमीच्या पित्ताच्या गोळीला दाद देत नाही. जीभ सुजली, आवाज बदलला, श्वास अडकू लागला, तर गोळी घेऊन वाट पाहू नये. तत्काळ रुग्णालय गाठावे.

हे वाचून कोणी रक्तदाबाची गोळी परस्पर बंद करू नये. ‘गोळीने पित्त उठतं’ म्हणून बंद केलेले औषध पुढे पक्षाघाताच्या रूपाने वसूल होते, हे सरकारी रुग्णालयांच्या वॉर्डांना नवे नाही. गोळीचा संशय असेल तर ती बदलता येते. रक्तदाबासाठी दुसऱ्या गटातील औषधे आज सहज मिळतात. पित्तासाठीही झोप न आणणारी अँटिहिस्टामिन औषधे आहेत. ती रोज नियमित घ्यावी लागतात, डॉक्टर गरजेनुसार मात्रा वाढवतात, आणि त्यांचा रक्तदाबावर सहसा परिणाम होत नाही. तेवढ्याने न भागल्यास पुढचे उपचारही आहेत. त्यातले सायक्लोस्पोरिन मात्र रक्तदाब वाढवू शकते.

खरा दोष आहे तो दोन कागदांचा. त्वचाविभागाचा कागद वेगळा, मेडिसिनचा वेगळा, आणि तिसरी औषधे कागदाविनाच. त्वचारोगाच्या ओपीडीत जुनाट पित्ताच्या प्रत्येक प्रौढ रुग्णाचा रक्तदाब मोजला जायला हवा. मोजायला दोन मिनिटे पुरतात, यंत्र प्रत्येक रुग्णालयात आहे. आणि ‘पित्त उठतं का?’ हा प्रश्न रक्तदाबाच्या रुग्णाला औषध बदलण्याआधी विचारला गेला पाहिजे.

रुग्णाने करायचे एवढेच, की तपासणीला जाताना घरातली प्रत्येक गोळी, दुखण्याची, सर्दीची आणि शेजाऱ्याने दिलेलीसुद्धा, एकाच पिशवीत घालून न्यावी आणि टेबलावर ओतावी.