सोने लुटणाऱ्यांचे देणे

दरवर्षी विजयादशमीस सीमोल्लंघन करून आम्ही आपट्याचे सोने लुटतो. ‘लुटणे’ हा शब्द आता अक्षरशः खरा झाला आहे. देवळाच्या वाटेवर विक्रीस येतात ती पाने नव्हेत, मोडलेल्या फांद्या असतात; आणि त्यांत निम्मा कांचन निघाला तरी घेणाऱ्यास तो ओळखता येत नाही. अश्मंतक म्हणून ज्या वृक्षास आम्ही हात जोडतो, तो आमच्यापैकी कितीजणांच्या परसात आहे?

मिळकतीचा उपभोग ज्याने घ्यावा, त्याने मूळ मिळकत नासू देऊ नये, हे तत्त्व वकिलीत आम्ही नित्य सांगतो. आपट्यापुरते ते आम्हांस सोयीस्करपणे विसरता आले. गोव्यात वृक्षसंरक्षणाचा १९८४ चा कायदा आहे. परंतु कायदा कुऱ्हाड अडवील, आपट्याचे रोप लावण्याची श्रद्धा तो कोठून आणणार?

कोणी म्हणेल, आमच्याकडे पाऊस उदंड. कोरड्या रानातले झाड हवे कशाला? पाऊस चार महिन्यांचा. पुढे विहीर खाली जाते नि अंगण तापते, तेव्हा आम्ही हिरवळीस रोज पाणी पाजीत बसतो. मादागास्करच्या गुलमोहरास दारी मान, आणि आपल्याच पानझडी रानात उन्हाळा सोसणारा आपटा मात्र वेडावाकडा, कचरा करणारा! हा न्याय कुठला?

त्यास फार लागत नाही. पहिला पाऊस स्थिरावला की, भिंतीपासून दूर, पाणी न साचणाऱ्या जागी दोन फूट खोल खड्ड्यात रोप लावावे. गुरांपासून कुंपण घालावे. पहिले दोन उन्हाळे पाणी द्यावे. मूळ धरल्यावर ते झाड बहुधा आपले आपण जगते. बुंध्याभोवती लाद्या मात्र बसवू नयेत. वाढ सावकाश होते, हे खरे. पण देऊळ बांधणाऱ्यांनी तरी कळस पाहण्याची घाई कुठे केली होती?

प्रत्येक देवस्थानाने प्राकारात एक आपटा लावावा, आणि दसऱ्यास पान खुडावे, फांदी मोडू नये. ग्वाल्हेरकडील बांधवांनी हेच शमीबाबत करावे. तोवर सोने वाटणाऱ्या प्रत्येकाने क्षणभर थांबून स्वतःस विचारावे: आपण जे वाटतो आहो, ते आपले आहे काय?